सोलर झटका मशीन, शेळ्यांसाठी: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

ज्यांच्याकडं उस्मानाबादी शेळ्या आहेत त्यांना सांगायला नको, कुंपणात जरा सैल जागा सापडली की पाट (तरणी शेळी) आधी तोंड घालणार, मग खांदा, मग अख्खी बाहेर. शेजाऱ्याची तूर खाल्ली की भांडण, विषय कोंडवाड्यापर्यंत जातो. म्हणून जूनमध्ये पाच पदरी तार ओढून कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं हे मशीन बसवलं. चेन लिंक जाळीचं कोटेशन तिप्पट आलेलं, आणि शेळ्या जाळीवर पुढचे पाय टाकून उभ्या राहतात न् जाळी झोळ खाते.

पावसाळ्यात एक नंबर चाललं. सुरुवातीला तारेला शेवरीचा पाला बांधला, कारण झटका नाकालाच बसायला पाहिजे, अंगावर केस असतात, तिथं तार लागली तर तिला फारसं काही होत नाही. नाकाला एकदा बसला की परत तारेकडं फिरकत नाही. खालची तार वीतभर उंचीवरच ठेवा नाहीतर करडं निसटतात, आणि गवत कापत राहा, ओलं गवत टेकलं की करंट तिथंच उतरतो.

मार्च लागला न् सगळं बिघडलं. पाट तारेतून अंग घासत निवांत घासात (चाऱ्याच्या पिकात) शिरली, आणि इकडं मशीनची टिकटिक चालू, लाल लाईट लुकलुकतीये! माझा खरा राग या लाईटवर आहे. तारेत झटका आहे का नाही ते ती सांगतच नाही, मशीन चालू आहे एवढंच सांगते, आणि आपण तिच्या भरवशावर रात्री झोपतो. डीलरला फोन केला तर "दादा लाईट लागतीये ना, मग मशीन ओके आहे." मग त्यांचा माणूस आला, बोर्ड गेलाय म्हणाला, वॉरंटीत बसत नाही म्हणून पैसे घेऊन बदलला, आणि शेळ्या परत घासात. तेव्हा मी हे मशीन विकायलाच काढलं होतं.

शेवटी फेन्सिंगचा टेस्टर आणला, तारेवर जेमतेम हजार व्होल्ट. शेळीला चार हजाराच्या वर पाहिजेत. मशीनपाशी उकरलं तर कंपनीच्या माणसानं अर्थिंगची दीड फुटाची एकच सळई ठोकलेली! झटका तारेतून शेळीत, तिच्या पायातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईवाटे मशीनला परत जातो, तेव्हाच बसतो. आमचं काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, कोरड्या मातीतून करंट परत येणार कसा. तीन लांब रॉड दहा-दहा फुटांवर खोल ठोकले, मीठ-कोळसा घातला, अधूनमधून पाणी ओततो, आणि पाचातल्या दोन तारा अर्थिंगला जोडल्या, म्हणजे शेळी दोन तारांच्या मधून तोंड घालायला गेली की जमीन कितीही कोरडी असो, बसतोच. आता टेस्टर पाच हजार दाखवतो.

त्यामुळं मत बदललंय, मशीन चांगलं आहे, बॅटरी-पॅनलची काही तक्रार नाही. मशीनशिवाय लाईनची वीज थेट तारेत सोडायचा विचारही कुणी करू नका, त्यानं माणसं मेलीत आणि तो गुन्हा आहे, या मशीनचा झटका सेकंदाला एकदा आणि क्षणभराचाच असतो.

पण एवढे पैसे घेता तर तारेवरचं व्होल्टेज दाखवणारा डिस्प्ले द्यायला काय झालं? घेणाऱ्यांनी अर्थिंगचे तीन रॉड बिलात लिहून घ्या आणि टेस्टर पहिल्याच दिवशी आणा. बोर्डाचे पैसे मी अजून मागतोय.