चार रकाने की राखीव तास? स्वतःच्या ध्येयासाठी कामांचा अग्रक्रम लावताना

नोकरी, घर आणि त्याखेरीज स्वतःसाठी हाती घेतलेले एखादे दीर्घ पल्ल्याचे काम, अशा तिन्ही आघाड्या सांभाळणाऱ्या माणसाला अग्रक्रम लावण्याच्या दोन पद्धती हमखास सुचवल्या जातात. एक म्हणजे महत्त्व आणि तातडी या दोन कसोट्यांवर कामे चार रकान्यांत वाटणारी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाणारी चौकट; आणि दुसरी म्हणजे प्रत्येक कामासाठी दिवसातील तास आधीच राखून ठेवण्याची पद्धत, जिला आता सर्रास टाइम ब्लॉकिंग म्हणतात. दोन्हींची प्राथमिक ओळख वाचकांना असेलच, त्यामुळे चौकट कशी आखावी किंवा कॅलेंडरात कोणते रंग भरावेत, यात शिरत नाही. मी या दोन्ही पद्धती एकाच ध्येयासाठी वापरून पाहिल्या आहेत आणि त्यांपैकी एक निवडू पाहणाऱ्यांना त्याचा काही उपयोग होईल, असे वाटते.

माझे ध्येय मोडी लिपी वाचता येण्याचे होते. घरातील जुन्या ट्रंकेत खरेदीखते, गहाणखते आणि हिशेबाचे काही कागद आहेत. ते दुसऱ्याकडून वाचून घेण्यापेक्षा आपल्याला वाचता यावेत, एवढीच इच्छा. मोडीची अक्षरओळख तुलनेने लवकर होते, खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. आधी रेघ ओढून तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता लिहिलेली अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि लिहिणाऱ्यागणिक वळण बदलते. म्हणून वाचनाचा सराव थोडा असला तरी चालतो, पण तो नियमित हवा. खंड पडला की डोळ्यांना झालेली सवय जाते. शिवाय या कामाला परीक्षा नाही, वरिष्ठ नाहीत, मुदतही नाही. ते पुढे ढकलले म्हणून कोणी जाब विचारणार नाही. ज्या ध्येयाच्या मागे असा कोणाचाच तगादा नसतो, त्यावरच आखणीच्या पद्धतीचा खरा कस लागतो.

चौकटीचे श्रेय आधी द्यायला हवे. ऑगस्ट १९५४ मध्ये इलिनॉय राज्यातील इव्हॅन्स्टन येथे भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात आयझेनहॉवर यांनी एका माजी महाविद्यालयप्रमुखाचे वचन सांगितले होते, की आपले प्रश्न दोन प्रकारचे असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे. तातडीचे असतात ते महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे असतात ते कधीच तातडीचे नसतात. म्हणजे मूळ विचारही त्यांचा नव्हे आणि चार रकाने ही तर नंतरच्या व्यवस्थापनविषयक लेखकांची भर. तरीही त्या विचारात तथ्य आहे. मी बँकेत काम करतो आणि मार्चअखेर जवळ आली की आमच्याकडे प्रत्येक कागद तातडीचाच असतो. चौकट वापरू लागल्यावर ध्यानात आले, की ज्या कामांमागे मी धावत होतो त्यांतील बरीचशी तातडी दुसऱ्यांची होती; फोन वाजला म्हणून ते काम पुढे आले होते, एवढेच. मेंग झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही असेच दिसले होते, की दोन कामांपैकी ज्याची मुदत लवकर संपते ते माणसे निवडतात, मग त्यातून मिळणारा लाभ कमी का असेना. ही खोड उघडी पाडण्यात चौकटीचा हात धरणारी दुसरी पद्धत मला तरी ठाऊक नाही.

तिसऱ्या रकान्याबद्दल मात्र थोडी गंमत आहे. जे तातडीचे आहे पण महत्त्वाचे नाही ते इतरांवर सोपवावे, असा सल्ला तिथे असतो. ज्यांच्या नावाने ही चौकट चालते ते दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त फौजांचे सरसेनापती होते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. काम सोपवायला त्यांच्याकडे माणसांची वाण नव्हती. आमच्या घरी सोपवणे याचा अर्थ बायकोच्या गळ्यात घालणे असा होऊ लागला आणि तिने तो रकाना लवकरच बंद करून टाकला.

परंतु माझा निर्णय झाला तो दुसऱ्या रकान्यामुळे, म्हणजे महत्त्वाचे आहे पण तातडीचे नाही अशा कामांच्या रकान्यामुळे. चौकटीचे समर्थक यालाच सर्वांत मोलाचा रकाना मानतात आणि ते बरोबरच आहे. अडचण अशी, की स्वतःच्या ध्येयाशी संबंधित जवळजवळ प्रत्येक काम याच रकान्यात जाऊन पडते. पेशवेकालीन पत्रांचे वाचन दुसऱ्या रकान्यात, अडलेल्या अक्षरांची वही करणे दुसऱ्या रकान्यात, ट्रंकेतील कागदांची छायाचित्रे काढून ठेवणे त्याच रकान्यात आणि सकाळचे फिरणे, विम्याचे कागद, आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांची वेळ घेणे हेही तिथेच. चौकटीने या सगळ्यांना महत्त्वाचे म्हटले, पण त्यांच्यातील आधी कोणते आणि नंतर कोणते याबद्दल ती काही बोलत नाही. मग तो रकाना घरातल्या माळ्यासारखा होतो: टाकवत नाही आणि आज लागतही नाही असे सारे वर जाते आणि तिथेच राहते.

दर रविवारी संध्याकाळी मी यादी नव्याने लावत असे. पहिल्या रकान्यातील, म्हणजे महत्त्वाची आणि तातडीचीही, कामे आठवडाभरात झालेली असत, कारण ती होणारच होती. वीजबिलाला चौकटीची गरज नसते. चौथ्यातील, म्हणजे महत्त्वाची नाहीत आणि तातडीचीही नाहीत अशी, कामे खोडली जात. दुसऱ्या रकान्यातील कामे मात्र मागल्या पानावरून पुढल्या पानावर, शब्दही न बदलता, उतरत राहत. वर्गीकरण करताना काहीतरी केल्याचे समाधान मिळत होते, हे त्यातले सर्वांत त्रासदायक. कारण त्या समाधानात रविवारची संध्याकाळ जाई आणि मोडीचा कागद उघडायचा राहून जाई. पुढे पुढे तर मला असे वाटू लागले, की एखादे काम महत्त्वाचे असल्याची नोंद झाली की ते करण्याची निकड आपोआप थोडी कमी होते. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल; ज्यांच्या दुसऱ्या रकान्यात दोनच कामे असतात त्यांना हा जाच होणारही नाही.

तास राखून ठेवण्याच्या पद्धतीत हा रकाना उरतच नाही. काम एकतर मंगळवारी सकाळी सव्वासहा ते सात या वेळेत असते किंवा नसते. मोडीच्या वाचनासाठी ती वेळ लिहिली, की त्या वेळेतून दुसरे काहीतरी उठवावे लागते. माझ्या बाबतीत फिरणे संध्याकाळवर गेले. अग्रक्रम लावणे म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळले. रकान्यात आणखी एक काम लिहायला जागा नेहमीच असते, सकाळच्या पाऊण तासात ती नसते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या एका लेखात मांडले होते, की अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन असे नेमके ठरवले तर ते पार पडण्याची शक्यता केवळ संकल्पापेक्षा पुष्कळ वाढते. माझ्याकडे मोजमाप नाही, पण सकाळी उठल्यावर आज काय करावे हा विचार करावा लागत नाही, वही आदल्या रात्रीच टेबलावर असते आणि डोळे चोळत का होईना पान उघडले जाते, हा फरक मला स्पष्ट जाणवला.

ही पद्धत निर्दोष नाही आणि तिचे दोष लपवण्यात अर्थ नाही. पाहुणे आले, पाणी उशिरा आले किंवा शाखेतून लवकर बोलावणे आले, की राखलेला तास जातो. आणि संपूर्ण दिवस तुकड्यांत आखला असेल तर एक तुकडा घसरताच त्यानंतरचे सगळे घसरतात. आपला अंदाजही सहसा आशावादी असतो. बुहलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत संपवू असा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले; सगळे काही बिघडले तर किती लागतील, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तरही याहून कमीच होते. मोडीच्या एका गहाणखताला मी जेवढा वेळ धरला होता, त्याच्या दुप्पट वेळ नुसत्या नावांत आणि तारखांत गेला. म्हणून पूर्ण दिवस आखण्याच्या फंदात पडू नये, असे माझे मत आहे. फक्त ध्येयाचे तास राखावेत, आठवड्यात एक तास मुद्दाम रिकामा ठेवून राहिलेले काम त्यात उरकावे आणि ज्या आठवड्यात कालनिर्णयवर गणपती किंवा दिवाळी दिसते, त्या आठवड्यात काहीच राखू नये.

ज्यांचे तास मुळात स्वतःच्या हातात नाहीत, उदाहरणार्थ पाळ्या बदलणाऱ्या परिचारिका, घरात तान्हे मूल असलेले आईवडील किंवा दिवसभर गिऱ्हाइकाच्या वेळेने चालणारे दुकानदार, त्यांना सव्वासहा वाजताचा सल्ला देणे योग्य होणार नाही. त्यांना अचानक मिळालेल्या मोकळ्या अर्ध्या तासात काय उचलावे हे चौकट सांगू शकते, मात्र दुसऱ्या रकान्यात तीनहून अधिक कामे न ठेवण्याचा नियम त्यांनी पाळावा, असे सुचवावेसे वाटते. ज्यांनी अजून ध्येयच निश्चित केलेले नाही, त्यांनाही तिचा एकदा उपयोग होईल. कोणत्या गोष्टी सोडून द्यायच्या हे ती चांगले दाखवते.

ज्यांचे ध्येय ठरले आहे आणि दिवसातील निदान अर्धा तास ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांनी मात्र रकाने आखण्यापेक्षा तो अर्धा तास आधी शोधावा, असे मी म्हणेन. तो सकाळचाच हवा असे नाही. निवडलेली वेळ एकाच कारणाने वारंवार बुडू लागली, तर जिद्दीने तीच धरून बसण्यापेक्षा वेळ बदलावी. आमच्याकडे नळाला पाणी येण्याची वेळ बदलली, तेव्हा मी वाचन रात्री साडेनऊवर नेले आणि ते अजून तिथेच आहे.