नळ्या बांधायच्या की काढायच्या?

माझ्या नणंदेच्या मुलीचं अमळनेरला दुसरं सिझर ठरलंय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सोबत कुटुंब नियोजन करायचंय ना? मग नळ्या बांधू, की काढूनच टाकू? काढल्या तर पुढे अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो." रात्री पोरीचा मला फोन. मी तीस वर्षं नर्स होते, टाक्याच्या शिबिरांत ओळीने सतरंजीवर निजवलेल्या बायका सांभाळल्या. पण आमच्या काळात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

तो आता का निघाला, ते आधी समजून घ्या. नावात अंडाशय असलं तरी या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा आणि जीवघेणा प्रकार बहुतेक वेळा गर्भाशयापासून अंडाशयाकडे जाणाऱ्या नळीच्या टोकाशी सुरू होतो. लुगड्याच्या पदराला दशा असतात ना, तशी झालर तिथे असते. ती अंडाशयावर लोंबते आणि सुटलेलं अंडं टिपून घेते. झालरीतल्या पेशी बिघडतात, गळून अंडाशयावर रुजतात आणि गाठ तिथे वाढते. म्हणून वर्षानुवर्षं दोष अंडाशयाच्या माथी. २००१ साली नेदरलँड्सच्या पॅथॉलॉजिस्टांनी घराण्यात हा कॅन्सर असलेल्या बायकांच्या काढलेल्या नळ्या बारकाईने तपासल्या, तेव्हा असा बिघाड त्यांना नळीतच दिसला. त्याआधी नळीचा एखाद-दुसरा तुकडा पाहून बाकीची फेकून देत. गाठ अंडाशयात दिसत असताना नळीकडे कोण बघणार?

आता बांधणं. दुर्बिणीने रिंग घालतात किंवा सिझरच्या वेळी नळीचा मधला तुकडा कापून बांधतात. काम झटपट, आणि नशिबाने गरज पडलीच तर नळ्या पुन्हा जोडून बघता येतात. एंडोमेट्रिओसिसशी (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजाराशी) जोडलेल्या कॅन्सरच्या प्रकारांत याचा बऱ्यापैकी फायदा होतो. पण झालर जागेवरच राहते, त्यामुळे मुख्य प्रकाराला आळा कमी.

काढणं म्हणजे झालरीसकट दोन्ही नळ्या बाहेर. पोट उघडलेलंच असलं तर दहा-एक मिनिटं जास्त लागतात. स्वीडनमधल्या २०१५ च्या मोठ्या अभ्यासात दोन्ही नळ्या काढलेल्या बायकांत अंडाशयाचा कॅन्सर सुमारे ६५ टक्क्यांनी कमी आढळला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून डॉक्टर हा सल्ला देत आलेत. "पाळी जाईल का?" हा पोरीचा पहिला प्रश्न होता. नाही. पाळी चालवतं ते अंडाशय, आणि ते जागेवरच राहतं. मात्र त्याचा काही रक्तपुरवठा नळीला लागूनच जातो, म्हणून हात सरावलेला हवा. परत मूल हवं झालं तर टेस्ट ट्यूब बेबीशिवाय वाट नाही. तेव्हा दोन लेकरं पुरे, हे मनाशी पक्कं असेल तरच काढा. तिच्यासाठी माझं मत काढण्याकडे. पण कसलंच ऑपरेशन ठरलेलं नसताना, घराण्यात आजार नसताना, निव्वळ कॅन्सरच्या धाकाने पोट उघडून घेऊ नका.

शेजारच्या वहिनींचं गणित वेगळं. वय ४४, गाठीमुळे रक्तस्राव, पिशवी काढायचीच आहे. आपल्याकडे पिशवी काढताना "आता अंडाशयाचं काय काम?" म्हणून तेही सर्रास काढतात. मला हे पटत नाही. पाळी चालू असलेल्या वयात दोन्ही अंडाशयं गेली की एका रात्रीत म्हातारपण: अंगाची लाही, ठिसूळ हाडं, हृदयावर ताण. पिशवीसोबत नळ्या काढा, धडधाकट अंडाशयं ठेवा. आणि अंगावरून पांढरं जातं एवढ्यावरून "पिशवी काढी टाकू का व माय?" असं विचारत कुणी आली तर आधी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करा, म्हणा. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा. त्याचं मूळ एचपीव्ही विषाणूत आहे आणि त्याला लस आहे.

अंडाशयं काढणं योग्य ठरतं ते बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या, घराण्यातून उतरणाऱ्या जनुकात दोष असेल तेव्हा. पहिल्या जनुकात दोष असेल तर ८० वर्षांपर्यंत हा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दुसऱ्यात सुमारे १७. अशा बाईने मुलं झाल्यावर नळ्या आणि अंडाशयं दोन्ही काढावीत: पहिल्यात ३५ ते ४०, दुसऱ्यात ४० ते ४५ या वयात. आई, मावशी, बहीण यांच्यात कमी वयात स्तनाचा किंवा कुणालाही अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर रक्ताची जनुकीय चाचणी आधी, ऑपरेशन मग.

"दरवर्षी सोनोग्राफी केली तर?" वहिनींनी विचारलंच. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांवर ते करून पाहिलं. २०२१ मध्ये निकाल आला: सोनोग्राफीने आणि सीए-१२५ या कॅन्सरच्या खुणेच्या रक्ततपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. उलट माला-एनसारख्या संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या पाच वर्षं घेतल्या तर धोका जवळजवळ निम्मा होतो; पण बीपी किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर त्या नकोत. 'छाया' गोळीत ती संप्रेरकं नाहीत, तिला हा हिशोब लावू नका.

पोरीला शेवटी एकच बजावलं. संमतीपत्रावर 'ट्यूबेक्टॉमी' लिहिलेलं असेल. शब्द ऐकून नळ्या काढल्यासारखं वाटतं, पण आपल्याकडे त्याचा अर्थ बांधणंच. काढायच्या असतील तर "दोन्ही नळ्या झालरीसकट काढणे" असं डॉक्टरांकडून वेगळं लिहून घे, आणि काढलेल्या नळ्या तपासायला पाठवल्या का, तेही विचार.