प्राइम९५: पुण्याच्या उन्हाळ्यात मर्सेन मूळसंख्या शोधायच्या तर

प्राइम९५ हे जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या जिंप्स प्रकल्पाचं मोफत सॉफ्टवेअर. या प्रकल्पात जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर मर्सेन मूळसंख्या, म्हणजे २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्या, शोधतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्रकल्पात ल्यूक ड्युरंट यांना २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही मूळसंख्या सापडली. अंक ४,१०,२४,३२०! ती जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसरवर) सापडली हे खरं, पण घरच्या सीपीयूसाठी (मुख्य प्रोसेसरसाठी) अजूनही प्राइम९५च घ्यावं.

इन्स्टॉल काही करावं लागत नाही. झिप उघडा, चालवा आणि लगेच प्रकल्पात सामील न होता आधी टॉर्चर टेस्ट, म्हणजे मशीनवर पूर्ण ताण देणारी चाचणी, लावा. 'स्मॉल एफएफटी' प्रोसेसर तापवतं, 'ब्लेंड' रॅम तपासतं. पुण्यात ही चाचणी एप्रिल-मेमध्ये भर दुपारीच घ्यावी, कारण पहाटे पास झालेलं मशीन दुपारी नापास होऊ शकतं. 'राउंडिंग वॉज ०.५' असा संदेश आला की थांबा. एवढ्या मोठ्या संख्यांचा गुणाकार दशांश अपूर्णांकांत होतो आणि उत्तरं जवळच्या पूर्णांकावर आणली जातात. चूक ०.५ वर पोचली, तर खालचा पूर्णांक घ्यायचा की वरचा, हेच ठरत नाही. अशा वेळी रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, बंद करून पाहा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर तपकीर गल्लीतून नवी आणून लावा.

सॉफ्टवेअरची खरी थोरवी त्याच्या चूक पकडण्यात आहे. जुन्या लुकास-लेमर चाचणीत ४ पासून सुरुवात करून वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. ३१ साठी (२ चा ५ वा घात वजा १) ४, १४, ८, ०: शेवटी शून्य, म्हणजे मूळसंख्या. १३ कोटी वेळा हे करताना एक बिट जरी हललं, तरी सगळी मेहनत वाया, आणि ते कळायला दुसऱ्या कुणीतरी पूर्ण चाचणी पुन्हा करायची. आताच्या पीआरपी (संभाव्य मूळसंख्या) चाचणीत गर्बिच तपासणी अधूनमधून हिशेब पडताळते आणि चुकलं तर मागच्या खात्रीच्या टप्प्यावर नेते. शिवाय पुराव्याची फाइल तयार होते, त्यामुळे पडताळणी फार थोड्या वेळात उरकते. त्यासाठी डिस्कवर पाचेक जीबी मोकळे ठेवा.

चार कोअरच्या जुन्या मशीनवर पहिली चाचणी कित्येक आठवडे खाते. त्यापेक्षा अवयव शोधण्याचं काम मागून घ्या; अवयव सापडला की ती संख्या मूळ नाही हे ठरतं. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. दोन्ही अवयव २२ च्या (घातांक ११ च्या दुपटीच्या) पटीपेक्षा १ ने मोठे आहेत, आणि ८ ने भागल्यास बाकी ७ किंवा १ उरते. हाच नियम मोठ्या घातांकांनाही लागू पडतो, त्यामुळे अवयव म्हणून बहुतेक संख्या तपासाव्याच लागत नाहीत.

वीज गेली तर मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त अर्ध्या तासाचं काम जातं. प्रेफरन्सेसमध्ये काम डिस्कवर साठवण्याचं अंतर १० मिनिटं करा. बिलाचं मात्र आधी बघा. १५० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला १०८ युनिट. आधीच २०० च्या पुढे वापर असेल, तर महावितरणचा ३०० युनिटांचा टप्पा ओलांडून वरचे युनिट महागात पडतात.

दहा कोटी अंकी मूळसंख्येला दीड लाख डॉलरचं बक्षीस आहे. त्यासाठी घातांक ३३.२ कोटींच्या आसपास लागतो. घरच्या सीपीयूवर तो घेऊ नका.