गाडीचा एक स्पार्क प्लग तडकला. आता साधे चार की इरिडियमचे चार?

कात्रजचा जुना घाट चढताना गाडी मिसिंग मारायला, म्हणजे आचके द्यायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. माझा पहिला संशय पेट्रोलवर. निघाला तिसऱ्या प्लगच्या चिनीमातीवर केसासारखा तडा; आधीच्या सर्व्हिसिंगला पाना तिरका बसला असणार. (चिनीमातीवर नुसता तपकिरी पट्टा दिसला तर प्लग फेकू नका. तो विजेच्या दाबाने बसलेला डाग असतो.)

एकच बदलावा की चारही, यात वेळ घालवू नये. बाकीचे तिघेही त्याच वयाचे. खरा घोळ पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानात होतो. दुकानदार साधा निकेलचा आणि इरिडियमचा असे दोन्ही काउंटरवर ठेवतो आणि चहा मागवतो.

साध्याच्या बाजूने बोलायचं तर पैसे. मी घेतले तेव्हा चार साध्यांच्या किमतीत इरिडियमचा जेमतेम एक आला असता. आणि चालवताना फार फरक पडतो असंही नाही. सकाळी गाडी जरा पटकन उठते असं मला वाटतं, पण तो मनाचा खेळही असेल. मायलेज होतं तेवढंच आहे.

फरक आहे तो झिजेचा. निकेल 1,455 अंशांना वितळतं, इरिडियम 2,400 च्याही पुढे. त्यामुळे इरिडियमचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवूनही टिकतं. साध्याचं टोक झिजतं, गॅप (ठिणगी उडते ती फट) वाढते, ठिणगीला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवर ताण येतो. सीएनजीवाल्यांना हे लवकर कळतं, कारण गॅसवर ठिणगीला मुळातच जास्त व्होल्टेज लागतं.

पण माझा निर्णय यातल्या कशानेच झाला नाही. तो झाला एका प्लॅस्टिकच्या क्लिपेने.

माझ्या गाडीत प्लगपर्यंत जायचं तर आधी एअर फिल्टरचा डबा, मग कॉइलचे कनेक्टर. इंजिनाच्या उष्णतेने त्या कनेक्टरची क्लिप बिस्किटासारखी होते. मी हलकेच दाबली आणि टक्‌! सुटा कनेक्टर मिळेना, म्हणून केबल टाय बांधली. ती सैल झाली की सिंहगड रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला गाडी आचका द्यायची. प्लग नवे, दुखणं जुनंच. साधे प्लग म्हणजे तीस-चाळीस हजार किलोमीटरला पुन्हा हा सगळा खेळ. इरिडियम लाखाच्या आसपास जातो म्हणतात. गाडीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तोच धरा.

तुमची गाडी ऑइल खात असेल तर मात्र साधेच घाला, ऑइलने काजळणाऱ्या प्लगवर इरिडियमचे पैसे वाया. वर्षाला चार-पाच हजारच किलोमीटर होत असतील, तरी साधे पुरेत.

कुठलेही घ्या, इंजिन थंड होऊ द्या आणि आटे हातानेच धरवा. हे आटे ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं, आटे गेले तर प्लगचा खर्च किरकोळ वाटेल. वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त, बस. इरिडियमची गॅप ठोकून जुळवायला कुणी निघालं, तर हात धरा, टोक तुटतं.

माझ्या तिसऱ्या कॉइलवर ती केबल टाय अजून आहे, आता दुहेरी. बाकी तीन क्लिपा शाबूत आहेत.