कोरफडीची पावडर: फ्रीझ-ड्राय की स्प्रे-ड्राय?

साबण-क्रीमचा छोटा धंदा करणाऱ्यांना पुरवठादार दोन भाव सांगतो. स्प्रे-ड्राय स्वस्त, फ्रीझ-ड्राय बरीच महाग. दोन्हींवर '२०० एक्स' छापलेलं, म्हणजे १ ग्रॅम पावडर १९९ ग्रॅम पाण्यात घातली की ताज्या गराइतकी ताकद. गरात ९९ ते ९९.५ टक्के पाणीच असतं, त्यामुळे हा हिशोब साधारण बरोबर आहे. पैसे मोजायचे ते उरलेल्या घन भागासाठी, आणि त्यातही मुख्यतः अ‍ॅसिमॅननसाठी. गराला बुळबुळीतपणा देणारी ही लांब साखळीची शर्करा. जास्त उष्णता, एन्झाइम किंवा जंतू लागले की साखळी तुटते.

फ्रीझ-ड्रायमध्ये गर गोठवून निर्वात कक्षात ठेवतात आणि बर्फाची थेट वाफ होऊ देतात. एक-दोन दिवस लागतात, वीज भरपूर जाते, म्हणून भाव चढा. पावडर हलकी, सच्छिद्र निघते आणि हवेतली ओल झटकन ओढते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं तर तिचा चिकट गोळा झालाच म्हणून समजा.

स्प्रे-ड्रायरमध्ये गराचा फवारा गरम हवेत सोडतात; ही हवा १५० अंशांच्या वर तापलेली असते. आकडा भीतिदायक वाटतो, पण थेंब आत काही सेकंदच असतो आणि पाणी उडताना स्वतः बराच थंड राहतो. खरी गोम वेगळीच आहे. पावडर भिंतीला चिकटू नये म्हणून गरात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भर, घालतात. ते किती घातलंय हे विचारल्याशिवाय क्वचितच कोणी सांगतं.

तरी माझ्या मते निम्मा निकाल ड्रायरच्या आधीच लागतो. कापलेली पानं तासन्‌तास पडून राहिली, किंवा गर पातळ करायला घातलेलं सेल्युलेज हे एन्झाइम जास्त वेळ ठेवलं, तर फ्रीझ-ड्रायर फक्त बिघडलेला माल जपून ठेवतो. जंतूही सगळे मरत नाहीत. दह्याची विरजणं याच पद्धतीने टिकवतात! म्हणून वाळवण्याआधी मोजकं पाश्चरायझेशन झालेलं असलेलं बरं, थोडं अ‍ॅसिमॅनन गेलं तरी चालेल.

आता कुठे काय. कोल्ड-प्रोसेस साबणासाठी (तेलात कॉस्टिक सोड्याचं द्रावण मिसळून, न शिजवता केलेल्या) महाग पावडर घेऊ नका. कॉस्टिकच्या द्रावणात अ‍ॅसिमॅननवरचे अ‍ॅसिटिल गट (साखळीला जोडलेले छोटे रासायनिक तुकडे, ज्यांच्यावर तिचा गुण अवलंबून असतो) निघून जातात, मग ती कशीही वाळवलेली असो. क्रीम, जेल, सीरमसाठी मात्र फ्रीझ-ड्रायचे पैसे वसूल होतात. फक्त मिश्रण ४० अंशांखाली आल्यावर घाला, आणि आधी थोड्या पाण्यावर भुरभुरवून भिजू द्या, एकदम ओतली तर गुठळ्या होतात.

पिण्यासाठी घेणार असाल तर ड्रायरचा प्रश्न दुय्यम. सालीखालच्या पिवळ्या चिकातलं, जुलाब करणारं अ‍ॅलोइन किती उरलंय ते आधी बघा. आंतरराष्ट्रीय अ‍ॅलो सायन्स कौन्सिलची मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) आहे. अख्ख्या पानाच्या अर्काला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकलं आहे, त्यामुळे पान सोलून काढलेल्या गराचीच पावडर मागा.

ऑर्डर देण्याआधी त्या लॉटचा तपासणी अहवाल मागवा. त्यात अ‍ॅसिमॅनन कोरड्या वजनाच्या किमान ५ टक्के हवं (हाही त्याच कौन्सिलचा निकष), शिवाय माल्टोडेक्स्ट्रिन आणि जंतुसंख्येचे आकडे हवेत. लॅक्टिक आम्ल जास्त दिसलं तर गर आधीच आंबला होता. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली, तर मी फ्रीझ-ड्रायचा भाव देणार नाही.