चार व्हिसा, नंबर एकच

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्लिअरिंगला. चेकवरची सही, तारीख, खाडाखोड बघण्यातच डोळे गेले. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बिचाऱ्या म्हाताऱ्याला काय कळतंय! कळत होतं. बघितलं नाही.

व्हिएतनामची टूम साडूंची. आम्ही दोघं, मेहुणी आणि साडू. तिकिटं आणि हॉटेलं मुलीने ऑनलाइन काढून दिली. व्हिसाही तीच करणार होती, पण तिच्या ऑफिसात ऑडिट चाललेलं. तेवढ्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुणीतरी दादरच्या एका एजंटचा नंबर दिला.

फुलबाजाराच्या मागे, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर केबिन. भिंतीवर आयफेल टॉवर, टेबलावर गणपती. तिशीतला पोरगा, बोलायला गोड. "काका, ती भानगड आमच्यावर सोडा. तुम्ही फक्त बॅगा भरा." माणशी साडेपाच हजार. सरकारी फी किती, हे मी विचारलंसुद्धा. म्हणाला, सगळं धरून. एकदाच प्रवेशाच्या ई-व्हिसाची फी २५ डॉलर आहे, म्हणजे दोन हजारांच्या थोडं वर, हे मला नंतर मुलीने दाखवलं. मी बावीस हजार यूपीआयने पाठवून मोकळा. पैसे फर्मच्या करंट अकाउंटला गेले नाहीत, कुणा बाईच्या नावावर गेले. नाव स्क्रीनवर दिसलं होतं. म्हटलं, बायको असेल.

आठवड्याने व्हॉट्सॲपवर चार पीडीएफ आल्या. फोटो आमचेच, पासपोर्ट नंबर बरोबर, तारखा बरोबर. रंगीत प्रिंट काढून फाइलला लावल्या.

शुक्रवारी रात्री सहार विमानतळाच्या टर्मिनल दोनवर पोचलो. काउंटरवरच्या मुलीने कागद घेतले, स्क्रीनकडे पाहिलं, मग चारही कागद शेजारी शेजारी मांडले.

"काका, या चौघांचा रजिस्ट्रेशन नंबर एकच आहे."

मी वाकून पाहिलं. चार चेकवर एकच नंबर! पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ पोरानेही पकडला असता. कुणाच्या तरी व्हिसाचा कागद घेऊन त्यावर आमची नावं आणि फोटो चढवले होते. अर्ज कधी भरलाच नव्हता.

मी आवाज चढवला, तो उगाचच. व्हिसा नसलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीची, वर दंड. ते कशाला घेतील अंगावर? ई-व्हिसाला साधारण तीन कामाचे दिवस लागतात आणि समोर शनिवार-रविवार. एजंटचा फोन बंद. पहाटे टॅक्सीत बसून मेहुणीने प्रवासासाठी केलेल्या दशम्या खाल्ल्या, कारण भूक लागली होती आणि बोलायला काही नव्हतं. साडू पुढचे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरोबरच आहे, एजंट मी आणला होता.

खरा डाव कुठे होता, तो मला मागाहून उमगला. त्या अर्जात ईमेल द्यावा लागतो. अर्ज भरला की रजिस्ट्रेशन कोड मिळतो, आणि तो कोड, तो ईमेल आणि जन्मतारीख सरकारी साइटवर टाकली की अर्ज कुठवर आला ते दिसतं. दोन मिनिटांचं काम. एजंटने आमचा ईमेल मागितलाच नाही आणि मला तेव्हा ती सोय वाटली. कोड मागितला तर म्हणाला, "आमच्या सिस्टिममध्ये आहे, काका." म्हणजे खातं आमचं आणि पासबुक त्याच्याकडे. आणि साइटचा पत्ता नीट बघा, शेवटी गव्ह डॉट व्हीएन असायला हवं. शोधायला गेलात की वर जाहिरातीत तशाच दिसणाऱ्या खासगी साइट येतात, त्या दुप्पट-तिप्पट घेतात.

शनिवारी सकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्जही दिला. पण पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. १९३० चा उपयोग पैसे अजून कुठल्या तरी खात्यात पडून असतात तोवर, म्हणजे काही तासांत. केबिनला कुलूप. इमारतीचा मालक आमच्याआधीच त्याला शोधत होता, दोन महिन्यांचं भाडं थकलेलं. विमानाचं मूळ भाडं बुडालं, पण कर आणि विमानतळाचे आकार प्रवास केला नाही तरी परत मिळतात, तसा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियमच आहे. लेखी मागा, मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही. आम्हाला ते मिळाले. बाकीच्यांची भरपाई मी केली, आकडा विचारू नका.

परवा शेजारचे काका थायलंडला निघाले. त्यांच्या एजंटने 'डिजिटल अरायव्हल कार्ड'चे माणशी आठशे सांगितले. १ मे २०२५ पासून ते कार्ड परदेशी प्रवाशांना लागतं खरं, पण फुकट असतं आणि पोचायच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं. एजंट काय म्हणाला, मी सहज विचारलं. काका म्हणाले, "म्हणाला, ती भानगड आमच्यावर सोडा."

मी चष्मा लावला आणि त्यांना पासपोर्ट घेऊन आमच्याकडे बोलावलं. ईमेल त्यांचाच टाकला.