फातोर्ड्याच्या वरच्या रांगेतून दिसणारी मधली फळी

मडगावला लागून असलेल्या फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू मैदानावर एफसी गोवा या फुटबॉल क्लबचा सामना असला की बहुतेक प्रेक्षकांची धाव मैदानालगतच्या खालच्या रांगांकडे असते. खेळाडू हाकेच्या अंतरावर दिसतात, त्यांच्या बुटांचा आवाजही ऐकू येतो आणि मोबाइलवर छायाचित्रे चांगली येतात. मी मात्र २०२२-२३ च्या हंगामापासून, म्हणजे महामारीनंतर प्रेक्षकांना पुन्हा प्रवेश मिळू लागल्यापासून, तिकीट काढताना मधल्या रेषेसमोरची आणि जमेल तितकी वरची जागा निवडत आलो आहे. ज्याला मध्यरक्षकाचा, म्हणजे मधल्या फळीतील खेळाडूचा, खेळ समजून घ्यायचा आहे, त्याने याच जागेसाठी पैसे मोजावेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

घरी बसून टीव्हीवर हे का साधत नाही, ते २०२१ च्या एप्रिलमध्ये मला नीट कळले. आशियातील क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला होता आणि ते सामने याच मैदानावर होते, पण स्टँड रिकामे ठेवलेले असल्यामुळे आम्ही फोंड्यात घरीच टीव्हीसमोर बसलो होतो. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध गोव्याचा मध्यरक्षक ब्रँडन फर्नांडिसने घेतलेल्या फ्री किकवर एदू बेदियाने डोक्याने गोल केला आणि त्या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा पहिला गोल नोंदला गेला. सामना गोव्याने १-२ असा गमावला, तरी तो क्षण मी विसरणार नाही. मात्र कॅमेरा सतत चेंडूमागे धावत असल्यामुळे उरलेल्या वेळात ब्रँडन कुठे उभा होता, कोणाला जागा करून देत होता आणि कोणत्या प्रतिस्पर्ध्याला आपल्या मागे ओढून नेत होता, यातले काहीच पडद्यावर दिसले नाही. चेंडू पायाशी नसतानाच मध्यरक्षकाचे बहुतेक काम होत असते आणि टीव्हीवर नेमके तेच चौकटीबाहेर राहते.

वरच्या रांगेतून ते काम उघड्यावर येते. २०२३-२४ च्या हंगामात माझ्याबरोबर चौदा वर्षांचा भाचा होता, जो शाळेच्या संघात मधल्या फळीतच खेळतो. सामना सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तेव्हा त्याने विचारले, "मामा, बॉल तिकडे आहे आणि हा मागे कोणाला बघतो?" ब्रँडन चेंडूकडे पाठ न करता मान एकदा उजव्या आणि एकदा डाव्या खांद्यावरून वळवत होता, मग दोन पावले बाजूला सरकून पुन्हा तेच करत होता. चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा शरीर आधीच अर्धे वळलेले होते, त्यामुळे चेंडू थांबवून मग विचार करण्याची गरजच उरली नाही. पहिल्याच स्पर्शात तो दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या खेळाडूकडे निघाला. त्यानंतर मध्यंतरापर्यंत भाचा चेंडू सोडून त्या मानेकडेच पाहत होता आणि प्रत्येक पासाआधी ती किती वेळा वळते ते बोटांवर मोजत होता. खालच्या रांगेतून ही मान दिसते, पण ती कोणत्या मोकळ्या जागेकडे वळते आहे ते कळत नाही, कारण तिथून संपूर्ण मैदान चपटे दिसते आणि खेळाडू एकमेकांच्या आड जातात.

ब्रँडनसारख्या खेळाडूची कारकीर्द नुसत्या आकड्यांवरून समजत नाही, म्हणूनही या जागेचे मोल मला अधिक वाटते. १९९४ मध्ये जन्मलेला हा गोंयकार मुलगा दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या अकादमीत घडला, भारतात परतल्यावर काही क्लब फिरला आणि २०१७ मध्ये एफसी गोवात आला. त्याच वर्षी सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक झाले होते आणि अहमद जाहू, एदू बेदिया यांच्यासारखे चेंडू पायाशी ठेवून खेळणारे मध्यरक्षक संघात होते; त्या संगतीत त्याचा खेळ खुलला. २०१९ च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात चेन्नईयनविरुद्ध विजयी गोल त्याचाच होता, त्याच जूनमध्ये थायलंडमधील किंग्ज कपमध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला आणि ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध त्याच्याच कॉर्नरवर आदिल खान या दुसऱ्या गोमंतकीयाने बरोबरीचा गोल केला. त्यापाठोपाठ २०१९-२० मध्ये गोव्याने इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्डही, म्हणजे साखळीत अव्वल राहणाऱ्या संघाची ढाल, जिंकली. एवढी यादी देऊनही त्या मान वळवण्याचा उल्लेख कुठल्याच नोंदीत सापडणार नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच मैदानावर डेम्पो या गोव्यातल्या क्लबच्या वैभवाच्या दिवसांत मी त्यांचा मध्यरक्षक क्लायमॅक्स लॉरेन्सला खेळताना पाहिले आहे. २००४-०५ ते २०११-१२ या काळात डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, पण तेव्हा मी खाली कठड्याजवळ उभा राहून ओरडणाऱ्यांपैकी होतो आणि माझे लक्ष आघाडीच्या खेळाडूंवर असे. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये भारताकडून अफगाणिस्तानविरुद्ध भरपाईच्या वेळेत केलेल्या गोलासाठी लॉरेन्स लोकांच्या स्मरणात आहे. बचावफळीसमोर उभे राहून त्याने वर्षानुवर्षे जे काम केले, ते पाहण्याची संधी मी चुकीच्या जागी उभे राहून घालवली, असे आज वाटते.

२४ एप्रिल २०२४ च्या आयएसएल उपांत्य फेरीचे तिकीटही वरच्या रांगेचेच होते. बोरिस सिंग आणि ब्रँडन यांच्या गोलांमुळे गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे होता आणि त्यानंतर भरपाईच्या वेळेसह काही मिनिटांत मुंबई सिटीने तीन गोल करून सामना २-३ असा हिरावून नेला. खालचे लोक गोलांच्या धक्क्याने सुन्न झाले होते. आम्हाला वरून गोव्याची मधली फळी हळूहळू मागे सरकताना आणि समोरच्या संघाला जागा मोकळी होताना आधीच दिसत होती, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. भाचा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. त्याच उन्हाळ्यात ब्रँडन मुंबई सिटीकडे गेला.

उणिवा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पायऱ्या उंच आहेत. माझ्या आईला घेऊन गेलो तेव्हा तिला दोनदा थांबावे लागले, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालचीच जागा घ्यावी. वरून पाठीवरचे क्रमांक वाचता येत नाहीत, म्हणून पहिली पंधरा मिनिटे खेळाडू चालीवरून ओळखण्यात जातात. एका फिरत्या विक्रेत्याने पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले आणि कटलेट पाव थंड दिला. तेव्हापासून मी मडगावातच खाऊन जातो. रात्री साडेसातचा सामना संपून बाहेर पडेपर्यंत फोंड्याकडची बस मिळण्याची आशा सोडलेलीच बरी. आम्ही चौघे एकाच गाडीने जातो आणि ती मैदानापासून बरीच लांब उभी करतो, त्यामुळे निघताना कोंडीत अडकत नाही.

जागा निवडताना मी एक पथ्य पाळतो. गोलखांबामागची जागा कितीही स्वस्त असली तरी घेत नाही, कारण तिथून मधल्या फळीतील खेळाडूंमधली आडवी अंतरे दिसली तरी बचाव आणि मधली फळी यांच्यातले अंतर कळत नाही. दुर्बीणही मी नेत नाही. ती लावली की पुन्हा एकच खेळाडू चौकटीत राहतो आणि टीव्हीसमोर बसल्यासारखे होते. ब्रँडन गेल्यानंतर भाचा गोव्याच्या बोर्हा हेरेराकडे पाहू लागला, ज्याने २०२५ च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात जमशेदपूरविरुद्ध दोन गोल केले. गोलांबद्दल तो फारसे बोलत नाही. मध्यंतरात मला सांगतो, "मामा, हा जास्त वेळा डावीकडे बघतो," आणि पुढच्या सामन्याच्या तिकिटाची आठवण करून देतो.